लग्नाचा पाट आणि वाणीचे पाय

मी एक जुना फणसाचा पाट आहे. तंजावरच्या एका सुताराने मला अखंड फळीतून घडवले, आणि कृष्णवेणीबाईंच्या लग्नात मी प्रथम मांडला गेलो. त्यानंतर त्या घरातील प्रत्येक वधू माझ्यावर बसली. कुटुंब चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत राहायला आले, तेव्हा पितळी हंडे विकले गेले. मला मात्र उराशी धरून आणले. मला कोणाचा पाय लागू नये, हा घराचा दंडक होता. मित्रांनो, मान मिळाला की लाकूडही ताठते. मीही ताठलो होतो.

बाईंची भाची सुष्मिता वैद्यक शिकत असताना माझ्याशेजारी बसून मोठ्याने पाठांतर करी. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा कधीकधी निरुपद्रवी वस्तूलाही शत्रू मानते, किंवा शत्रूवर तुटून पडताना घरच्यांनाच जखमी करते. या अतिरेकाचे चार प्रकार तिच्या तोंडून माझ्या कानी पडले. पहिला प्रकार तात्काळ उसळतो. अंगावर गांधी, ओठांना सूज, आणि प्रसंगी प्राणसंकट. दुसऱ्यात शरीराची प्रतिद्रव्ये पेशींवरच हल्ला करतात. न जुळणारे रक्त चढवले तर हेच घडते. तिसऱ्यात प्रतिद्रव्ये आणि परके द्रव्य यांची गाठोडी रक्तवाहिन्यांत आणि सांध्यांत साचतात. सर्पदंशावरचे प्रतिविष घेतलेल्या माणसाला काही दिवसांनी ताप येतो, सांधे धरतात, ते यामुळे. चौथा सावकाश येतो. कृष्णवेणीबाईंच्या मनगटावर घड्याळाच्या धातूने उठणारे चट्टे या जातीचे.

बाईंना हे वर्गीकरण मान्य नव्हते. त्यांच्या लेखी सगळ्याचे नाव एकच, अलर्जी. आणि औषधही एकच, डब्यातली खाजेची गोळी. सुष्मिताची धाकटी बहीण वाणी हिचे ओठ लहानपणी काजू खाल्ल्यावर चुरचुरत, तेव्हाही तीच गोळी दिली जाई. नावे एक केली की रोगही एक होतात, असे मानणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. हा त्यांचा सर्वांत महागडा गैरसमज.

२००९ साली वाणीचे लग्न ठरले. सुष्मिताने तोवर घराच्या खालच्या मजल्यावर दवाखाना थाटला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी केळवणाच्या पंगतीत वाणीने पाहुण्यांच्या आग्रहाखातर काजूची वडी खाल्ली. थोड्याच वेळात तिच्या गळ्यावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, आणि ती पांढरी पडून कोसळली. बाईंनी तिला भिंतीशी टेकवून बसवले, पाठीशी उशी दिली आणि गोळी तोंडात घातली. सुष्मिता सुई आणि ॲड्रिनलिन घेऊन धावत वर आली.

"गोळी दिली आहे गे मी. उतरेल हळूहळू," बाई म्हणाल्या.

"गोळी गांधी उतरवील, अत्ते. बुडणारी नाडी नाही उठवणार." असे म्हणता म्हणता तिने वाणीच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत सुई टोचली, तिला सपाट निजवले आणि पाय उंच करायला मला मागितले.

बाईंनी मला घट्ट धरले. "लग्नाचा पाट गे हा. उद्या वाणी बसायची ह्यावर. पाय लावले तर अपशकुन."

"उद्या ती हवी ना तुम्हाला?"

बाईंनी मला आडवे ठेवले आणि वाणीचे दोन्ही पाय स्वतःच्या हातांनी उचलून माझ्यावर टेकवले. ते पाय बर्फासारखे गार होते. नाडी अजून क्षीण लागत होती. म्हणून सुष्मिताने दुसरी सुई दिली. हळूहळू त्या तळव्यांत ऊब आली. शुद्धीवर येताच वाणी उठू लागली, तेव्हा तिचे खांदे दाबून धरणाऱ्या कृष्णवेणीबाईच होत्या. अशा वेळी एकदम उभे राहणेही जिवावर बेतते, हे सुष्मिताने त्यांना नुकतेच सांगितले होते. पुढे १०८ची गाडी आली. प्राणवायू, सलाईन, गोळ्या यांची पाळी मग आली, आणि झटका उलटून येऊ शकतो म्हणून वाणीला रुग्णालयात ठेवून घेतले.

लग्न पुढच्या मुहूर्तावर गेले. मी बाटलो, नवा पाट घ्यावा, असे नातलगांचे मत पडले. मलाही तेच वाटत होते. मी अडगळीची तयारी केली होती. परंतु मांडवात बाईंनी मलाच मांडले. एका विहीणबाईंनी कुजबुजत विचारले, पाय लागलेला पाट वधूला कसा चालतो?

"त्याला पाय लागले," कृष्णवेणीबाई म्हणाल्या, "म्हणून बसायला ती उरली."

मित्रांनो, मला पुसून ठेवा, जपा, एवढे मी मागणारच. तो प्रत्येक जुन्या वस्तूचा हक्क आहे. पण अशा अलर्जीच्या झटक्यात कोणी पांढरे पडून कोसळले, तर माझ्या मानापमानाचा विचार करू नका. आधी ॲड्रिनलिन मिळवा, त्याला निजवा, आणि त्याच्या पायांखाली घरातली सर्वांत पवित्र वस्तू द्यावी लागली, तरी द्या.