सोनेरी गोगलगायींचं पाणी

माझ्या गोगलगायींनी दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा ती वाळून गेली. वैशाखातल्या जळगावच्या उन्हापुढे त्यांचं काय चालणार! ही जात पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या वर, काचेला गुलाबी दाण्यांचा घोस चिकटवते. तिसऱ्या खेपेला मी टाकीवर ओलं फडकं टाकलं, ते दिवसभर भिजवत राहिले, आणि अठराव्या दिवशी मोहरीएवढी साठेक पिल्लं पाण्यात उतरली.

"आता ही तरी जगू देत," माझे मिस्टर लीलाधर म्हणाले. "नाहीतर टाकी हबीबभाईंच्या दुकानात परत. त्या कोपऱ्यात आपल्या जुईची कॉट येईल."

त्यांचंही चूक नव्हतं. दोन खोल्यांचं घर. पण प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर माझं म्हणून एवढंच उरलं होतं, दीड हात काच आणि तीत दोन सोनेरी शंख.

सासूबाई, म्हणजे आमच्या आक्का, तेव्हा सोनगीरहून आल्या होत्या. त्या टाकीपुढे बसून म्हणायच्या, "लोके गायी पाळतस, आमनी सून गोगलगायी पाळस. दूध कवय देतीन वं या?"

आदल्या वर्षी तीन वर्षांच्या जुईला कावीळ झाली होती. तेव्हापासून तिच्या पाण्याचं सगळं मीच बघायची. नळाचं पाणी गाळायचं, उकळायचं, मग आक्कांनी आणलेल्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवायचं. हंडा रोज चिंच लावून लख्ख घासायचा. मागच्या बोअरिंगचं खारं पाणी फक्त धुण्याला. त्याने बादल्यांवर पांढरे थर चढायचे. जुईने त्यात बोट बुडवलेलंही मला चालत नसे.

पिल्लं इतकी नाजूक, तेव्हा त्यांनाही जुईचंच पाणी द्यायचं असं मी ठरवलं. टाकीतलं जुनं पाणी काढून निम्मी टाकी हंड्यातल्या पाण्याने भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं तळाशी पडलेली होती. मोठ्या दोघी शंखाचं झाकण लावून निपचित. जुई टाकीला नाक लावून उभी होती, तिचे हात कोपरापर्यंत ओले.

"काय घातलंस आत? साबण होता हाताला?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मी तिच्या हातावर चापट मारली. ती रडली नाही. दोन्ही हात पाठीमागे नेऊन उभी राहिली, आणि मला ते जास्त लागलं.

मोठ्या दोघींना डब्यात घालून मी हबीबभाईंचं दुकान गाठलं. मुंबईहून शोभेचे मासे आणून विकणारा माणूस, या दोघीही त्यांच्याकडच्याच.

"ताई, टाकीत कुणी तांब्याचा पैसा टाकला का? जुना?"

"नाही. मुलीने साबणाचा हात घातला असणार."

"पोरीवर आळ नंतर घ्या. पाणी कुठलं?"

"चांगलं आहे हो. उकळलेलं, तांब्याच्या हंड्यातलं," मी म्हणाले. जरा अभिमानानेच.

हबीबभाईंनी डबा खाली ठेवला. "रात्रभर ठेवलेलं?"

"हो."

"माणसाला ते चांगलं असेल. यांना जहर आहे. तांबं उतरतं पाण्यात." मग माझा चेहरा बघून आवाज उतरवून म्हणाले, "बोअरिंग आहे ना तुमच्याकडे? तेच घाला. त्यातल्या चुन्यावरच शंख बनतो यांचा."

घरी येऊन मी टाकी रिकामी केली. आक्का बोअरिंगच्या बादल्या भरून आणत राहिल्या. मी मोठ्या दोघींना टाकीत ठेवलं, पिल्लं एकेक करून गाळणीत घेतली आणि ताज्या पाण्यात सोडली. मग बसून राहिले. जुई दारात होती, हात अजून पाठीमागेच.

"ये," मी म्हटलं. "तुझं काही चुकलं नव्हतं. मीच चुकीचं पाणी घातलं."

ती आली, पण काचेला हात लावला नाही.

चारच्या सुमारास एका मोठीने झाकण उघडलं. मग दुसरीने. पिल्लांतलं एक काचेवर चढलं, आणखी काही हलली. हे ऑफिसातून आले तोवर माझं चारदा मोजून झालं होतं.

"किती?"

लपवता आलं असतं. ते काही वाकून मोजायला बसले नसते. "अकरा. बाकीची माझ्या हातून गेली."

"साठातली अकरा," हे म्हणाले. "मग याला जगली म्हणायचं का मेली?"

"अकरा हालतस ना?" आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मंग काय इचारस?"

हे बाहेरच्या खोलीत भिंतीशी लावून ठेवलेल्या जुईच्या कॉटकडे बघत राहिले. मग "टाकी राहू दे तिथेच," म्हणत पाना शोधायला उठले. आतल्या खोलीचं दार अरुंद, कॉटचे पाय काढल्याशिवाय ती आत जाणार नव्हती. मी एक बाजू उचलली. जुईने तिची उशी घेतली आणि आमच्या आधी आत गेली.