मापाचे दोरे

बुटांच्या दुकानात कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी मालकांनी मला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे माप नेहमी दोन्ही पायांचं घ्यायचं. एका माणसाचे दोन पाय कधी सारखे नसतात. तीस वर्षांत त्यांना एकही सारखी जोडी भेटली नव्हती. मला ते लगेच पटलं, कारण माझा उजवा पाय डाव्यापेक्षा लहान होता आणि उजव्या बुटात चामड्याची पातळ गादी घातल्याशिवाय तो बूट चालताना टाचेतून निसटायचा.

शाळा मी लवकर सोडली होती. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की माझी बोबडी वळायची, आणि एक दिवस मी उभाच राहिलो नाही. घरी बसलो त्या वर्षी आईने माझ्या हातात क्रोशाची सुई दिली. नुसता भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणाली. साखळी, मुका खांब आणि साधा खांब, एवढेच टाके मला येतात. पण तेवढ्यात टोपी होते.

आमच्या घरी टोप्यांची गरज होती असं नाही. गरज वेगळीच होती.

बाबा सुतार. त्यांनी बसवलेली दारं अजूनही आमच्या गल्लीत कुरकुर न करता उघडतात. दादाने त्यांच्याबरोबर चार वर्षं रंधा मारला आणि मग एका कचेरीत नोकरी धरली, आणि हे त्याने बाबांना जेवताना, पाणी मागावं इतक्या सहज सांगितलं. त्या दिवसापासून दोघं एकाच टेबलावर जेवत होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. दोन वर्षं झाली होती. मधलं टपालखातं म्हणजे दादाची सहा वर्षांची मुलगी, जिला बाबांनीच लाडाने ठकी म्हणायला सुरुवात केली होती.

"ठके, तुझ्या बापाला सांग, मीठ इकडे सरकव."

"बाबा, आजोबा म्हणतायत मीठ सरकव. पण आजोबा, तुमचा हात पोचतोय की. तुम्हीच का नाही घेत?"

"सांगितलं तेवढं पोचव."

"का?"

तिचा 'का' संपत नसे. भिंत सरळ का असते, झोपल्यावर कान का बंद होत नाहीत, काकाच्या एकाच बुटात गादी का. त्या गादीवर तर तिने मला एकदा दुकानापासून घरापर्यंत दहा प्रश्न विचारले होते. बाबांकडे तिच्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं. ते म्हणत, "असतं." त्यावर ती म्हणे, "पण का असतं?" आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसत. अडखळण्याची भीती न वाटता मला जिच्याशी बोलता येईल अशी त्या घरात तीच एक होती, कारण माझं वाक्य अडलं तर ती पुढचा शब्द स्वतः घालायची आणि बहुतेक वेळा चुकीचा घालायची.

थंडी सुरू होताना आईने मला स्वयंपाकघरात सांगितलं की दादाने शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा पाहिली आहे, थंडी सरली की ते तिघं जातील. ती रडली नाही. एकच ताट तिने तीनदा पुसलं आणि म्हणाली, "जायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो तरी काढून ठेवू."

मला बोलून काही जमवता आलं नसतं. मी दुसऱ्या दिवशी राखी लोकरीचे सहा गुंडे आणले.

डोक्यांची मापं मी लाल दोऱ्याने घेतली. कपाळावरून कानांमागून दोरा फिरवायचा, जुळला तिथे कापायचा आणि टोकाला ओळखीच्या गाठी मारायच्या: बाबांना एक, आईला दोन, दादाला तीन, वहिनींना चार, ठकीला पाच, मला सहा. बाबांनी वर्तमानपत्रातून डोळे काढले नाहीत, पण डोकं तेवढं पुढे केलं. दादाचं माप घेताना आई म्हणाली, "डोकं बापाचंच आहे, त्यात मोजायचं काय?" पण ते बाबांपेक्षा अर्धं बोट कमी भरलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, डोक्याचंच माप घ्या हं, डोक्यातलं नको." ठकीचा दोरा बाबांच्या दोऱ्याशेजारी ठेवला तर चार बोटं आखूड होता.

"काका, मी मोठी झाले की टोपी पण मोठी होईल?"

"नाही. मग मी... मी..."

"मी लहान होईन?" तिने शब्द पुरवला आणि स्वतःच हसली.

दोरे मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी विणायचो. "पायांच्या दुकानात डोक्यांचं काम," असं मालक म्हणायचे, पण त्यांनी कधी अडवलं नाही. टोपी माथ्यापासून सुरू होते. छोटं वर्तुळ, मग प्रत्येक फेरीत थोडं वाढवत जायचं, डोक्याएवढं झालं की वाढवणं थांबवून सरळ खाली उतरायचं. प्रत्येक टोपीच्या आतल्या काठाला मी त्या त्या माणसाच्या गाठी मारलेला लाल दोऱ्याचा वेगळा तुकडा शिवला, नाहीतर सारख्या दिसणाऱ्या टोप्या ओळखायच्या कशा? पाच टोप्या झाल्या. माझी सहावी अर्धी झाली आणि आईला धीर धरवेना, म्हणून रविवारी सकाळी मी पाचांना त्या दिल्या आणि अंगणात फोटो काढला. काढणारा मीच, त्यामुळे मी त्यात नाही.

"एका साच्यातून काढल्यासारखे दिसतोय सगळे," आई म्हणाली, आणि मला फार बरं वाटलं.

त्या आठवड्यात बाबांनी मीठ मागितलं नाही. दादाने ते न मागताच सरकवलं. नंतर एकदा संध्याकाळी दोघं दाराच्या बिजागरीबद्दल बोलताना दिसले, सावकाश, जणू मधली दोन वर्षं झालीच नव्हती. नव्या जागेचा विषय निघेनासा झाला. आई मला म्हणाली, "तुझ्या हाताला यश आहे रे." असं मला तोपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. मग एक दिवस बाबा बाहेरून आले, टोपी काढून खुंटीला अडकवली, आणि आतल्या काठाला मला ठकीच्या पाच गाठी दिसल्या.

लोकर सैल होते, ताणते. मी तसंच मानलं. पण बाबांच्या कानांपर्यंत ती व्यवस्थित बसली होती. आणि थोड्या वेळाने ठकी बाबांची एका गाठीची टोपी घालून बाहेर खेळायला गेली, तर ती तिच्या डोळ्यांवर उतरली नाही.

त्यानंतर मी बघत राहिलो. खुंटीवरून जो तो हाताला येईल ती टोपी घ्यायचा आणि ती त्याला बसायची. संत्रं सोलताना बाबांची सवय अशी की साल एका सलग पट्टीत काढायची, लाकडाचा छिलका निघावा तशी. दादा आजवर तुकडे तुकडे करून सोलत आला होता आणि ठकीला तर सोलूनच द्यावं लागे. एका दुपारी मी टेबल पुसायला गेलो तर तिथे पाच सलग साली होत्या, पाचही उजवीकडे वळलेल्या. मी त्या कचऱ्यात टाकल्या. घरात आवाज कमी झाला होता. भांडण नाही, टोमणे नाहीत. वहिनींनी मला किती दिवसांत चिडवलं नव्हतं. टेबलावर भांडी हातोहात फिरायची, कोणी काही मागायचं नाही, आणि माझ्यापाशी मात्र ती थांबायची, कारण मला काय हवं ते मी सांगेपर्यंत कोणाला कळत नसे.

"तुझी कधी पूर्ण होते?" आईने विचारलं.

"होईल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दादाने जिन्यात विचारलं, "तुझी कधी पूर्ण होते?" बाबांनी विचारलं. वहिनी मला कधी एकेरी बोलल्या नव्हत्या. त्यांनीही विचारलं, "तुझी कधी पूर्ण होते?"

मी ठकीला घेऊन कोपऱ्यावर गेलो. आभाळ पांढरंफटक होतं. मी मुद्दाम विचारलं, "ठके, आज आभाळ पांढरं का?"

तिने वर पाहिलं. "असतं," ती म्हणाली.

मी घरी येऊन बिस्किटांचा डबा उघडला. लाल दोरे टेबलावर शेजारी शेजारी सरळ केले. एक गाठ, दोन, तीन, चार, पाच: पाचही दोरे सारखे होते, केसाचाही फरक नाही. दुकानातली मापाची फीत खिशात होती, तिने मोजले, पुन्हा मोजले. फक्त सहा गाठींचा दोरा दोन बोटं पुढे आला होता.

पाच गाठींची टोपी मी दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून दुकानात नेली आणि दुपारी उसवली. शेवटची गाठ सोडवून टोक ओढलं की क्रोशाचं काम भराभर सुटतं. कितीतरी दुपारांची मेहनत चहा निवायच्या आत मांडीवर येऊन पडली. ती लोकर नागमोडी झाली होती. उसवलेल्या लोकरीला आपला जुना आकार आठवत असतो, असं आई म्हणते. मी तिचा गुंडा केला.

पुढचे दोन दिवस ठकी उघड्या डोक्याने फिरली. कोणी टोपी शोधली नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही जेवत होतो. खाली बघून सगळे एका लयीत चमचे उचलत होते आणि मी त्या लयीच्या मागेपुढे होतो. ठकीने चमचा मध्येच थांबवला.

"आजोबा, तुम्ही माझ्या बाबांशी इतके दिवस बोलत का नव्हता?"

बाबांनी मान वर केली. त्यांनी दादाकडे असं पाहिलं, जसं झोपेतून उठवलेला माणूस आधी खोलीकडे पाहतो. त्यांचा चेहरा हळूहळू पुन्हा पूर्वीसारखा होत गेला.

"विचार तुझ्या बापाला," ते म्हणाले.

"मला कशाला विचारायचं?" दादा म्हणाला. "रंधा सोडला म्हणून दोन वर्षं ज्यांनी लेकाचं तोंड बघितलं नाही, त्यांनी सांगावं."

"पाठ फिरवून गेला कोण?"

"गेलो नव्हतो. आता जाईन. उद्या सोमवारीच जागेची किल्ली घेतो, थंडी सरायची वाट कशाला बघायची?"

आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिकडून भांड्यांचा आवाज आला नाही, पाण्याचाही नाही. वहिनी ठकीला म्हणाल्या, "आता हे विचारायची काही गरज होती का?" आणि त्यांच्या आवाजात इतक्या दिवसांनी त्यांचा स्वतःचा कंटाळा होता.

ठकी माझ्या मागे मागे माझ्या खोलीत आली. पलंगावर बसून तिने पाय हलवले. "काका, आम्ही जाणार तर तू का येत नाहीस?"

"मी इथे... इथेच..."

"इथेच हरवणार?" ती म्हणाली. यावेळी ती हसली नाही. "मला तिकडे कोण आहे? सांग ना. का जायचं?"

मी तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं, कारण हा तिचा आवाज मला लक्षात ठेवायचा होता. मग मी पिशवीतून राखी गुंडा काढला.

"काय करतोयस?"

"टोपी."

"तीच? परत? का?"

मी सुई धरली. नागमोडी लोकर सुईवर आली आणि मला जवळजवळ काहीच करावं लागलं नाही. प्रत्येक टाका आपल्या जुन्या वळणात जाऊन बसत होता. ठकी आधी बोलत होती, मग नुसती बघत होती. बाहेर अजून उजेड होता तेव्हाच ती पूर्ण झाली. मी ती तिच्या डोक्यावर ठेवली आणि काठ कानांपर्यंत ओढला. मला वाटतं तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं.

सोमवारी दादा किल्ली आणायला गेला नाही. मी दुकानातून सुट्टी घेतली आणि माझी अर्धी राहिलेली टोपी बाहेर काढली. सहा गाठींच्या दोऱ्याप्रमाणे तिचा माथा वाढवला होता. मी शेवटच्या काही फेऱ्या उसवल्या आणि पाच दोऱ्यांतला हाताला आला तो घेऊन त्या मापाने खाली उतरलो. दोन बोटं लहान. ती मला होणार नाही हे मला ठाऊक होतं. बुटांच्या दुकानातला माणूस मापाला फसत नाही. आई दारात उभी राहून बघत होती. मी टोपी डोक्यावर चढवली आणि ती अलगद कानांवर येऊन टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकदमच निघालो. दारातल्या बाकावर बसून मी बूट चढवले, तर उजवा पाय आत जाईना. चेपत होता. मी बूट काढला, आतली चामड्याची गादी ओढून बाहेर घेतली, पुन्हा पाय घातला. बूट बरोबर बसला, डाव्यासारखाच.

ठकी समोर उभी होती. तिने माझ्या हातातली गादी पाहिली, माझा बूट पाहिला.

"असतं," मी न अडखळता म्हणालो. तिने काहीच विचारलं नव्हतं.