सोमवारी रडणारी केझाया

पहिल्या सोमवारी सातआठ बाया होत्या. पाचव्या सोमवारी ‘वूलपॅक’ गुत्त्याच्या दारापासून निघालेली रांग थेट चॅपलच्या पायरीला भिडली. एरवी बियरच्या वासानेही नाक मुरडणाऱ्या चॅपलवाल्या बायका शाल कपाळावर ओढून रांगेत उभ्या राहिल्या. सोमवार म्हणजे धुण्याचा वार. घरोघरी चुलाणावरच्या हंड्यात कपडे उकळत ठेवून बायका तशाच धावत आलेल्या, बोटं साबणाने पांढरी पडलेली. आत भिंतीवर केझाया ब्रूकचा मुखवटा रडत होता.

केझाया कोण, हे स्टीपरॉइड गावात तान्ह्या पोरांनाच काय ते माहीत नसेल. तीन नवरे आणि एक सासू तिने चहात सोमल घालून संपवली. सव्वीस वर्षांपूर्वी, आठ एप्रिलला, सोमवारीच, तिला फाशी झाली. गल्लीतल्या पोरी अजून तिच्या नावावर दोरीच्या उड्या मारायच्या: ‘केझाया, केझाया, चहा दे गं, एक नवरा, दोन नवरे, मोज पुढे गं.’ फाशीनंतर तिच्या चेहऱ्यावरून काढलेला साचा, असं सांगून गुत्तेवाल्या एमॉस सगडनने तो प्लास्टरचा मुखवटा कुठल्याशा बंद पडलेल्या प्रदर्शनातून उचलून आणला होता. तो खरंच तिचा होता की एखाद्या दाढी केलेल्या खाटकाचा, देव जाणे.

एमॉस मुखवट्याखाली स्टुलावर उभा राहायचा आणि आवाज खाली आणायचा. “बायांनो, ही पापी होती, पण आता पस्तावलीय. जिच्या गळ्याला फास लागला तिलाच गळ्याचं दुखणं कळतं. गाठ असो, गंडमाळ असो, घोगरा आवाज असो, एक थेंब पुरे. मी काही मागत नाही. उभं राहून कुणाचा घसा सुकला असेल तर बियर आहेच.”

घसे भराभर सुकत होते.

नर्सबाई लव्हिनिया थ्वेट हे सगळं दारातून बघत होती. गावात फिरून आजाऱ्यांची शुश्रूषा करायला लागून तिला अकरा वर्षं झाली होती. जखमांत भरलेली कोळ्याची जाळी तिने काढली होती. डांग्या खोकल्याच्या पोरांना तीन वेळा गाढवाच्या पोटाखालून काढताना पाहिलं होतं. सुरुवातीला ती भांडायची. आता तिचे पाय दुखायचे.

पण या वेळी गप्प बसून चालणार नव्हतं, कारण रांगेत सेलिना होल्रॉइड होती. गिरणीत मागावर काम करणारी, नवरा गेलेली बाई, आणि तिच्या हाताला धरून नऊ वर्षांची एफी. एफीच्या गळ्याला उजव्या बाजूला गंडमाळेच्या गाठी आल्या होत्या, त्यातली एक अंड्याएवढी. शहरातल्या इस्पितळातल्या सर्जनने बजावलं होतं की ती काढायलाच हवी. आत फुटली तर पोर हातची जाईल. नर्सबाईने पत्रांवर पत्रं लिहून एक खाट मिळवली होती. शनिवारी बाराच्या आत पोचायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार.

“येत्या शनिवारी, सेलिना,” ती म्हणाली.

“आधी शुक्रवार होऊ दे, बाई. यंदा तिच्या फाशीची आठ तारीख गुड फ्रायडेला आलीय. त्या दिवशी ती सगळ्यांत जास्त रडणार, एमॉस म्हणतो.”

“आणि मग?”

सेलिनाने नजर चुकवली. “त्या दिवसाचा थेंब लागला की चाळीस दिवस गळ्याला लोखंड लावायचं नाही. लावलं तर उलटतं.”

चाळीस दिवस त्या गाठीकडे नव्हतेच. ती बरंच बोलली, सर्जनचं म्हणणं पुन्हा सांगितलं, शेवटी आवाजही चढवला. पण इस्पितळातल्या चाकूखालीच सेलिनाचा नवरा गेला होता; त्याच्यापुढे नर्सबाईचं शहाणपण काय टिकणार?

निघताना एफी हळूच म्हणाली, “तिचं पाणी ऊन असतं, नर्सबाई. मागच्या सोमवारी माझ्या गळ्याला लागलं तेव्हा चांगलं ऊन होतं.”

“म्हणजे जिवंत आहे ना ती,” मागून एक बाई बोलली. नर्सबाईने मान हलवली आणि घरी गेली. तेव्हा तिच्याही काही ध्यानात आलं नाही.

गुड फ्रायडेला ती पहाटेपासून एका बाळंतिणीपाशी होती. दुपारी मागच्या बोळातून परतताना तिला स्वतःच्या मळक्या एप्रनची लाज वाटली. कालच धुवायचा राहिला होता, आणि आज धुणं शक्य नव्हतं. गुड फ्रायडेला धुतलं तर घरातलं एक माणूस धुवून जातं, असं तिची आई म्हणे. नर्सबाईचा यावर काडीचा विश्वास नव्हता. तरी सकाळी तिने साबण संपलाय असं स्वतःला सांगितलं होतं, आणि साबण चांगला अर्धी वडी शिल्लक होता.

या विचाराने ती कसनुशी हसली आणि तिने मान वर केली. बोळातल्या सगळ्या धुण्याच्या खोल्यांची धुराडी थंड होती. कुणाची मजाल होती आज हंडा पेटवायची? एकच धुराडं धूर ओकत होतं, आणि ते वूलपॅकचं होतं.

ती मागच्या दाराने आत शिरली. विटांच्या चुलाणात बसवलेला तांब्याचा हंडा खदखदत होता. त्याच्या झाकणातून बियरच्या पिंपाला लावतात तसली शिशाची नळी निघून भिंतीत घुसली होती. भिंतीपलीकडे मुखवटा होता. हंड्यापाशी एमॉसची बायको हेप्सी बसली होती.

“कपडे नाही घातले हो मी,” ती घाईने म्हणाली. “नुसतं पाणी आहे. नुसत्या पाण्याने नाही ना होत काही, नर्सबाई? माझी दोन पोरं गेलीत आधीच.”

नर्सबाईला राग यायला हवा होता, पण समोरच्या बाईची दया आली. “काही होत नाही, हेप्सी,” ती म्हणाली. “कपडे घातले असतेस तरी झालं नसतं.”

मग ती पुढे गेली, आणि गर्दीतून सेलिनाचा हात धरून तिला मागे घेऊन आली. एमॉस हाका मारत मागून निघाला, पण दारात अडकला, कारण अर्धी रांग त्याच्या आधी बोळात घुसली होती. एफीला तिने मुखवट्यासमोरच उभं केलं होतं. काय दिसतं ते मोठ्याने सांग, एवढंच तिला सांगितलं होतं.

सेलिनाच्या हातात फडकं देऊन ती म्हणाली, “उचल झाकण.”

सेलिनाने झाकण उचललं. वाफ भसकन छताला गेली. सगळे थांबले. थोड्या वेळाने आतून पोरीचा आवाज आला, “थांबली.”

“ठेव.”

झाकण बसलं. वाफ नळीत शिरली, पोकळ मुखवट्यात जाऊन निवली, पाणी झालं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या टाचणीएवढ्या भोकांतून ओघळलं.

“रडतेय,” एफी ओरडली.

सेलिनाने आणखी तीनदा झाकण उचललं आणि तीनदा ठेवलं. चौथ्यांदा तिने ते बाजूला टाकलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सोमवारीच का, हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती. धुण्याच्या वारी पेटलेल्या हंड्याकडे कोण बघतं?

बोळात मात्र गलका झाला, आणि तो भलत्याच गोष्टीवर. एक बाई हेप्सीवर बोट रोखून म्हणाली, “गुड फ्रायडेला हंडा पेटवलास? आमच्या गल्लीवर मरण आणणार आहेस का?” फसवणुकीबद्दल कुणी चकार शब्द काढेना. एमॉसने ती संधी बरोबर साधली. त्याने जाहीर केलं की या पापामुळेच केझाया आता रुसणार. अर्ध्या बायकांनी माना डोलावल्या. नर्सबाईला एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं. एका खड्ड्यातून काढावं तर ही माणसं पलीकडच्या खड्ड्यात जाऊन बसतात, आणि त्या खड्ड्यात सकाळी ती स्वतःही बसली होती.

तरी ती बोलली. तिला भाषण जमत नसे. “मी सांगते म्हणून ऐकू नका,” ती म्हणाली. “माझ्या घरीही अर्धी वडी साबण आहे आणि माझा एप्रन बघा कसा आहे ते. मीही घाबरतेच. एवढंच करा, कुणी चमत्कार दाखवला की भिंतीच्या मागे जा, आणि झाकण स्वतःच्या हाताने उचला.”

बऱ्याचशा निघून गेल्या. सेलिना थांबली.

“चाकूचंही झाकण उचलता येतं का, बाई?” तिने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

“येतं. सर्जनला विचार, तो काय कापणार, कसं कापणार. किती पोरं बरी होतात आणि किती नाही, तेही विचार. सगळी होत नाहीत. पण तो लपवणार नाही.”

शनिवारी अकरा वाजता तिघी इस्पितळाच्या दारात होत्या. सेलिनाने सगळं विचारलं, आणि सर्जनने घड्याळाकडे बघत का होईना, सगळं सांगितलं.

मंगळवारी एफीला टेबलावर निजवलं. सर्जन गुंगीच्या औषधाची जाळी तिच्या तोंडावर आणू लागला, तशी तिने दोन्ही हातांनी ती अडवली.

“ह्याच्या आत काय आहे?”

सर्जन वैतागला. “हे कुणी शिकवलं हिला? इथे कुणी विचारत नाही.”

“सांगा तिला,” नर्सबाई म्हणाली. तिचा एप्रन स्वच्छ होता. शुक्रवारीच संध्याकाळी तिने तो धुतला होता. “तिला सांगितल्याशिवाय ती हात काढणार नाही.”

सर्जनने जाळी उलटी करून दाखवली, तिच्यावरचं फडकं दाखवलं, बाटली दाखवली. एफीने सगळं नीट बघितलं आणि हात खाली घेतले.