बंद केलेला पिवळा फुगा

मी बडोद्याच्या कारेलीबागेतल्या मोहनरावांकडचा एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. दोन हजार दोन साली मी आलो, तेव्हा माझा पंखा असा घोंगावायचा की पार नदीपलीकडच्या अकोट्यात लोकांच्या टोप्या उडायच्या. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा. नाही म्हणतील, पण लाजेने.

माझ्याकडे काम एकच होतं. मोहनराव दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तिचा फोटोसुद्धा नव्हता. होती ती वडिलांची, म्हणजे बडोदे संस्थानातल्या एका कारकुनाची, मोडीतली रोजनिशी. आईच्या आजारपणाचे दिवस रोजनिशीच्या शेवटच्या वहीत होते. मोहनरावांना मोडी येई, पण नजर अधू. मुंगीएवढं अक्षर कागदावर दिसेना. म्हणून ते पानं स्कॅन करून माझ्यात साठवत आणि मग पडद्यावर अक्षरं पेरूएवढी करून क्रमाने वाचत. कागद इतका जीर्ण, की स्कॅनरचं झाकण दाबलं की त्याचा भुगा. प्रत्येक पानाला संधी एकदाच.

त्यात घराण्याची दप्तरी शिस्त! प्रत्येक पानाच्या तीन प्रती: एक कामाला, एक दप्तराला, एक वेळप्रसंगाला. तिन्ही माझ्याच पोटात. शेवटी मी कोपऱ्यात पिवळा फुगा दाखवू लागलो: डिस्कवर जागा कमी उरली आहे.

मोहनरावांचा मुलगा अभिजित मकरपुऱ्याला कारखान्यात इंजिनियर. त्याने कचरापेटी रिकामी केली आणि बायकोचे पत्त्यांचे खेळ काढून टाकले.

"माझेच पत्ते बरे सापडले!" नीरा म्हणाली. "बाबांच्या तिसऱ्या प्रतीला हात लावा की."

"दप्तरातली प्रत कधी फाडतात का, सूनबाई?" मोहनराव म्हणाले.

चार दिवसांत फुगा पुन्हा हजर.

"बाबा, दोन प्रती सीडीवर घेऊ या."

"सीडीला ओरखडे पडतात. तू तो फुगा तेवढा घालव बाबा. नेमका अक्षरावर येऊन बसतो मेला."

कंपनीची बस सुटायची वेळ झाली होती. अभिजितने माझ्या आतल्या नोंदींत एक आकडा बदलला आणि फुगा कायमचा गेला. "चालो, पती गयुं! मिटलं एकदाचं. आता काहीही आलं तरी सरळ ओके दाबायचं."

पुढच्या महिन्यात माझं पोट गळ्यापर्यंत भरलं. शेवटची चौदा पानं आली, तेव्हा जागा नाही, असं मी दर पानाला सांगितलं. बारीक अक्षरांतलं ते सांगणं मोहनरावांना दिसलं नाही. त्यांनी शिकवल्याप्रमाणे चौदा वेळा ओके दाबलं आणि भुगा रुमालाने टिपून टाकला.

आठवड्याने वाचत वाचत ते तिथवर पोचले, तर पुढची पानंच नव्हती. अभिजितने रविवारभर शोधलं. मग जादा प्रतीही काढून टाकल्या. आता माझ्यात हवी तेवढी जागा आहे. ठेवायला काही नाही.

मित्रांनो, घरात कोणी सारखं कुरकुरत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी त्याला काय होतंय ते विचारा. मला कोणी विचारलं नाही.

उरलेलं शेवटचं पान असं संपतं: 'आज तिला जरा हुशारी वाटली. बाळास जवळ घेतले आणि म्हणाली'. मोहनराव ते रोज दुपारी उघडतात, मोठं करतात, आणखी मोठं करतात, पडद्यावर नुसती शाई उरेपर्यंत. मी जन्मभर थापा मारल्या. पण ती काय म्हणाली, याची थाप काही मला मारवत नाही.