अस्वलीचे भुयार

मित्रांनो, मी एक जुने भुयार आहे. माझ्या पोटात आजवर इतकी माणसे मेली की त्यांची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. पण घाबरू नका, मला कुणी कुदळीने खणलेले नाही. मी एका कॉम्प्युटर गेममधले भुयार आहे. चौकोनी दगडांच्या भिंती, मशालींचा पिवळा उजेड, खाली उतरत जाणारे जिने आणि तलवार घेऊन येणारे वीर, एवढाच माझा संसार. वीर येतात, लढतात, मरतात आणि पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहतात.

माझा जन्म पवनीत झाला. यादोराव नावाच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी, मागच्या खोलीत. त्यांची मुलगी खुशबू नागपुरात कॉम्प्युटर शिकून आली होती. एका कंपनीसाठी ती घरूनच चित्रे काढायची आणि उरलेल्या वेळात मला घडवायची. जुन्या पद्धतीचे साहसाचे खेळ तिला लहानपणापासून फार आवडायचे.

सुरुवातीला तिने मला सापळ्यांनी, हाडांच्या सैनिकांनी आणि रक्तपिपासू वटवाघळांनी गच्च भरून टाकले. पावलापावलाला मारामारी होती. भिंतीतून भाले निघत, माणसे त्यांवर टोचली जात. मला वाटले, एवढे रक्त सांडल्यावर मला कोण विसरेल? खुशबूचा मोहाडीचा मित्र विक्की याने मला शेवटपर्यंत खेळून काढले. आठवड्याने तिने त्याला माझ्याविषयी विचारले, तर तो विचारात पडला आणि म्हणाला, "थे पाण्याचं भुयार होतं, थेच काय?" माझ्यात तेव्हा पाण्याचा थेंबही नव्हता. त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

मग त्या घरावर एक मोठे संकट कोसळले. खुशबूचा धाकटा भाऊ कैलाश, चांगला कमावता तरुण, आईसोबत जंगलाच्या कडेला मोहफुले वेचायला गेला होता. वाकून फुले गोळा करत असताना झुडपातून एक अस्वल उठले आणि दोन पायांवर उभे राहून सरळ त्याच्या तोंडावर आले. पंजाच्या एका फटक्यात त्याचा डावा डोळा गेला आणि गाल जबड्यापर्यंत फाटला. तो खाली पडला तरी ते त्याला ओरबाडत होते. त्याची आई सुलोचनाबाई काठी घेऊन धावली. हातातली काठी मोडेपर्यंत तिने अस्वलाला झोडपले, तेव्हा कुठे ते जंगलात निघून गेले.

कैलाश दवाखान्यातून परतला तो वेगळाच माणूस होऊन. तो भिंतीकडे तोंड करून बसे. आरसा त्याने स्वतःच फोडला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो एकच प्रश्न विचारी, की मी त्या अस्वलीचे काय बिघडवले होते? पुढे तो खुशबूच्या खोलीत येऊन माझ्यात उतरू लागला आणि एके दिवशी बहिणीला म्हणाला, "ताई, माह्या अस्वलीले याच्यात टाक. मले तिले मारायचं आहे."

खुशबूने आधी नकार दिला. पण कित्येक महिन्यांनंतर प्रथमच त्याने काही मागितले होते, म्हणून तिचे मन वळले. दोघे शेजारी शेजारी बसून मला नव्याने घडवू लागले. हाडांचे सैनिक गेले, वटवाघळे गेली. माझ्या खालच्या वाटा रिकाम्या झाल्या, आणि नवल म्हणजे रिकाम्या वाटांवरच वीरांचे पाय अडखळू लागले. कुठेतरी पाणी ठिबकण्याचा आवाज तेवढा येत राही. अस्वल जवळ असले की तो थांबे. त्या दिवशी जंगलही असेच एकाएकी गप्प झाले होते, असे कैलाशने सांगितले होते. पंजा लागला की खेळणाऱ्याच्या पडद्याची डावी बाजू काळी होई आणि पुन्हा कधीच उजळत नसे. उरलेले भुयार अर्ध्याच नजरेने चालावे लागे. सगळ्यात खालच्या दालनातून एक अरुंद फट थेट पहिल्या पायरीपाशी निघत होती. तिच्यामुळे माणसे पुन्हा पुन्हा येत आणि माझा कोपरा न् कोपरा ओळखू लागत.

गेम लोकांच्या हाती गेला आणि माझे नाव झाले. कुठकुठली माणसे खुशबूला लिहू लागली, की या भुयारात आम्ही खूपदा मेलो, पण ते डोक्यातून जात नाही. विक्कीने तर फोन करून सांगितले की घरचा गळका नळ आईने दुरुस्त केला, तेव्हा आवाज बंद होताच त्याच्या अंगावर काटा आला. मी सुखावलो. मला वाटले, आता मी खरे भुयार झालो.

पण कैलाश बरा होत नव्हता. तो रोज माझ्यात उतरे आणि अस्वलाला मारी. कधी तलवारीने, कधी कुऱ्हाडीने, कधी जळत्या मशालीने. ते मेल्यावरही तो थांबत नसे. पडलेल्या देहावर तो घाव घालत राही, माझी फरशी लाल होई आणि कीबोर्डचा खडखड आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाई. पुढे तो खुशबूला म्हणू लागला की अस्वल लवकर मरायला नको, त्याने सरपटावे, विव्हळावे. तिने ते केले नाही, तर त्याने तिच्याशी बोलणे टाकले.

एका दुपारी सुलोचनाबाई चहा घेऊन आत आली. पडद्यावर कैलाश मेलेल्या अस्वलावर कुऱ्हाड चालवत होता. चहाची कपबशी तिने खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, "तिच्या मांगं दोन पिल्लं होते, बाबू. मी पाह्यले होते."

कैलाशचा हात थांबला. इतके दिवस मला का सांगितले नाहीस, असे त्याने विचारले. ती म्हणाली, "तुह्या तोंडाकडं पाहून तिची बाजू कशी घेऊ मी?"

तेव्हा तो पिसाळला. त्याने कीबोर्ड उपटून पडद्यावर हाणला. काच तडकली. दुसरा घाव घालायला त्याने हात वर नेला तेव्हा आई त्याला धरायला पुढे झाली, आणि कीबोर्डचा कोपरा तिच्या कपाळात बसला. रक्त भळाभळा वाहून तिच्या डोळ्यात उतरले. माझ्यात रक्ताचे पाट वाहिले होते मित्रांनो, पण ते सगळे रंगाचे ठिपके होते. हे रक्त फरशीवर पडले आणि त्याचा आवाज झाला.

कैलाश जागच्या जागी थिजला. सुलोचनाबाईने पदराचा बोळा कपाळावर दाबला, पण ती रागावली नाही. ती म्हणाली, "तिनं आपल्या पिल्लांसाठी मारलं. मी माह्या पिल्लासाठी मारलं. तिच्या पाठीवर काठी मोडली मी. आमच्या दोघींत काय फरक होता, मले अजून समजून नाही राहिलं."

कैलाश तिच्या पायाशी बसला आणि लेकरासारखा रडला. दवाखान्यातही तो असा रडला नव्हता. नंतर त्याने स्वतः जखम धुतली आणि तिला टाके घालायला घेऊन गेला. तोंड न झाकता तो बाजारातून चालत गेला.

नवा पडदा आल्यावर त्याने खुशबूजवळ माफी मागितली आणि एक गोष्ट मागितली. माझ्या शेवटच्या दालनात, अस्वलाच्या मागे, अंधारात दोन पिल्ले ठेवायची. वीराने शस्त्र खाली केले आणि पाठ न फिरवता मागे मागे सरकत गेला, तर अस्वलाने त्याला जाऊ द्यायचे. ते काम झाल्यावर कैलाश एकदाच माझ्यात उतरला. अस्वल उभे राहिले. कैलाशने तलवार खाली केली, एकेक पाऊल मागे घेतले आणि त्या अरुंद फटीतून बाहेर पडला. त्यानंतर तो कधी आला नाही.

आता माझ्यावर पुष्कळ जण चिडतात. अस्वलाला मारून खजिना मिळत नाही, अशी त्यांची तक्रार असते. काही जण मारतातच, आणि मग पिल्लांसमोर बराच वेळ नुसते उभे राहतात. हल्ली नवे चकचकीत खेळ आले आहेत. माझ्यात कधीमधी एखादाच वीर उतरतो, आणि बाकीचा वेळ मी निजून असतो. एकटे वाटते, खोटे कशाला बोलू? पण खुशबू फोनवर विक्कीला सांगत होती ते मी ऐकले. मोहाच्या दिवसांत कैलाश पुन्हा जंगलात जातो. फुले वेचणाऱ्या बायकांच्या पुढे तो तेलाचा रिकामा डबा बडवत चालतो, म्हणजे अस्वलीला लांबूनच कळते आणि पिल्लांना घेऊन ती बाजूला होते.

मित्रांनो, माझ्यात या, अवश्य या. लढा, मरा, पुन्हा उठा. पण खऱ्या रानात जाल तेव्हा ते कुणाचे तरी घर आहे हे विसरू नका, आणि दारातूनच आवाज द्या.