एम. के. सुगुणन, अपक्ष

"बस की जरा. पुट्टू खा, गार व्हायला लागलाय," तंकच्चन म्हणाला आणि खुर्ची ओढून दाराला पाठ लावून बसला.

सुगुणन लॉजच्या खिडकीशी उभा होता. समोर कलेक्टर कचेरी, मध्ये फक्त रस्ता. अर्ज मागे घ्यायची मुदत तीनला संपत होती.

"जरा पाय मोकळे करून येतो."

"तीन वाजू देत, मग दिल्लीपर्यंत मोकळे कर. मीच येतो सोडायला."

सुगुणन काथ्याच्या कारखान्यात चटया विणायचा. कारखान्याच्या मालकाला, मुदलाळींना, लोकसभेला आपला मेहुणा निवडून आणायचा होता. त्याच्यासमोर सगळ्या युनियननी मिळून एक निवृत्त शिक्षक अपक्ष म्हणून उभे केले होते : एम. के. सुगुणन. सगळे त्यांना मास्टर म्हणत. विणकराचं नावही एम. के. सुगुणनच. आमच्याकडे दर निवडणुकीला कुणी ना कुणी असा तोतया शोधून काढतंच. लोक घोटाळतात, मतं फुटतात.

मुदलाळींनी आपला माणूस तंकच्चन पाठवून सुगुणनला बंगल्यावर बोलावलं, तेव्हा चहा खुद्द मालकीणबाई घेऊन आल्या.

"तुला काही करायचं नाही," मुदलाळी म्हणाले होते. "सही कर आणि गप्प बस. पोरगी-जावई बरे आहेत ना? आपल्या कोचीच्या गोदामात कामाला आहेत म्हणे, राहायलाही तिथेच. सांभाळून राहा म्हणावं."

सत्त्याहत्तरच्या लोकसभेपासून सुगुणन युनियनच्या उमेदवारांसाठी भिंती रंगवत आला होता. संपात मास्टरांनी विणकरांच्या बरोबरीने लाठ्या खाल्ल्या, त्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. यंदा मास्टर उभे राहिल्याचं कळलं तेव्हा तो हसून बायकोला म्हणाला होता, "आता भिंतीवर माझंच नाव लिहायचं!"

तीन वाजले. तंकच्चन उठला. "चला, उमेदवारसाहेब."

घरी बायकोने, वसुमतीने, भात वाढला. मग म्हणाली, "ही बातमी मला शेजारणीनं सांगावी?"

"मी काय करणार होतो?"

"तुम्ही काय करणार! पोरीचा फोन आला होता. खोलीत नळ घेऊन दिलाय म्हणे मुदलाळींनी. खूश आहे."

सुगुणनने ताट बाजूला सारलं.

प्रचाराला मास्टर आमच्या गल्लीत आले. सुगुणनच्या दाराशी बरोबरच्या पोरांनी त्यांना अडवलं. "याच्याकडे कशाला, मास्टर? थुंका आणि पुढं चला."

"मतदार आहे ना तो?" असं म्हणून मास्टर आत आलेच. हात जोडले. "वसुमती, सुगुणन, मत मला द्या. माझी खूण छताचा पंखा. टेबलावरचा पंखा तुमचा."

"मास्टर, मी..."

"पोरगी कुठं असते रे तुझी?"

"कोचीला. मुदलाळींच्या गोदामात."

मास्टरांनी वसुमतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाणी दे बरं जरा." पाणी पिऊन, पेला वसुमतीच्या हातात देऊन ते पुढच्या दाराकडे गेले.

मतदानाच्या दिवशी सुगुणनने छताच्या पंख्याचं बटण दाबलं. त्याच्या लगेच खाली त्याचं स्वतःचं नाव होतं. तो बाहेर आला तर शाळेच्या पायरीवर त्याची म्हातारी मामी, कल्याणी, धापा टाकत बसलेली. मास्टरांनी तिला उतारवयात लिहाय-वाचायला शिकवलं होतं. तिने त्याला जवळ ओढून कानात सांगितलं, "दिलं हो मास्टरला! पंखा. नाव नीट वाचून दाबलं. खालचं बटण."

सुगुणनने वळून मतदानाच्या खोलीकडे पाहिलं.

"बरोबर ना रे?"

"बरोबर, अम्मायी," तो म्हणाला आणि तिला हाताला धरून उठवलं.

मास्टर आठशे मतांनी पडले. सुगुणनला पाच हजारांवर मतं पडली होती. बंगल्यावर फटाके वाजले. कारखान्यात पहिले काही दिवस "काय एम्पी, विमान कधी?" चाललं. मग तेही थांबलं. डबा खायला तो बसला की आजूबाजूचे हात धुवायला उठत. काम सोडून जावं तर पोरगी तिकडे. तो मागावर बसून राहायचा.

पुढे एकदा तो पलीकडच्या बाजाराला निघाला होता. होडी सुटतासुटता त्याने उडी मारली आणि मग पाहिलं, आत मास्टर बसले होते. बाकी कुणी नव्हतं.

"ये," म्हणत मास्टर फळीवर सरकून बसले.

नावाडी वल्हं मारत म्हणाला, "मास्टर, पुढच्या खेपेला उभं राहणार ना?"

"बघू. आधी नाव बदलावं लागेल," मास्टर म्हणाले आणि एकटेच हसले.

सुगुणन बसला नाही. होडी हेलकावत होती, तरी कशाचाही आधार न धरता तो पैलतीर येईपर्यंत टोकाला उभा राहिला. मास्टरांच्या शेजारची जागा तशीच मोकळी होती.