मापापेक्षा एक नंबर लहान

हिऱ्यातलं मला काही कळत नाही, पण माणसं कळतात. विहीणबाई दुकानात ज्या तोऱ्यात शिरल्या, त्यावरूनच मी ओळखलं की आज आपलं डोकं उठणार. विहीणबाई म्हणजे माझ्या भाचीची होणारी सासू. भाचीला मी लहानपणापासून सांभाळलेलं, त्यामुळे दुकानात तिच्या शेजारी बसून तिच्या बाजूने बोलायला आत्या म्हणून मी एकटीच. विहिणीच्या मागून त्यांचे चिरंजीव आले, आमचे होऊ घातलेले जावई. शिकलेले, बऱ्या पगाराचे, दिसायलाही चांगले, आणि आईने "बस" म्हटल्याशिवाय खुर्चीला न टेकणारे.

अंगठी विहीणबाईंनी आधीच परस्पर करायला टाकली होती. आज कानातल्याचे आणि गळ्यातल्याचे हिरे निवडायचे होते.

"सगळे सारखेच दाखवा," त्यांनी सराफाला फर्मावलं. "अंगठीत तीन कॅरटचा आहे ना? मग कानात तीन-तीन आणि गळ्यात तीन. कुठे कमी दिसायला नको."

सराफ सोशिक माणूस होता. त्या धंद्यात असावंच लागत असेल.

"बाई, कानात एवढा मोठा खडा घातला तर मागची फिरकी कितीही आवळा, खडा पुढे मान टाकतो. कानाची पाळी ओघळते. कानात अर्ध्या कॅरटचाही छान उठून दिसतो, फक्त जोडी जुळलेली हवी. गळ्यात घ्या हवा तेवढा मोठा, तिथे त्याला नुसतं लटकायचं असतं. अंगठीचं मात्र हात बघून ठरवावं लागतं."

"ओघळली पाळी तर ओघळू दे. लांबून दिसलं पाहिजे."

पाळी दुसऱ्याची होती, त्यामुळे बाईंचं मन मोठं झालं होतं. जावई मान डोलवत होते. ह्या माणसाची मान आडवी हललेली मी अजून पाहिलेली नाही.

मग अंगठी आली. टपोऱ्या वाटाण्याएवढा खडा, चार नख्यांवर चांगला उंच बसवलेला. भाचीने तो पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

आता माझी भाची काय करते ते सांगते. ती गुरांची डॉक्टर आहे. वासरू पोटात आडवं आलं की खांद्यापर्यंत हात आत घालून ती ते सरळ करते. गाय वाचते, वासरू वाचतं, आणि ही शेणामातीत माखून घरी येते तेव्हा तिच्यासारखी खूश पोरगी तुम्हाला शोधून सापडणार नाही. हे ऐकलं की विहीणबाई नाकाला रुमाल लावत, जणू गाय त्यांच्या दिवाणखान्यातच उभी आहे. पण लग्नानंतरही हे काम चालू राहणार, हे पहिल्याच भेटीत ठरलं होतं. आमची तेवढी एकच अट होती. मुलाने तोंडभरून हो म्हटलं होतं.

"घाल रे तिच्या बोटात," विहीणबाई म्हणाल्या.

त्याने घातली. सांध्यापाशी अंगठी अडली.

"दाब की जरा!"

त्याने दाबली. भाची कळवळली, पण अंगठी सांधा ओलांडून आत गेली आणि घट्ट बसली. सराफाने बोट हातात घेऊन पाहिलं.

"तुम्ही काम काय करता हो?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं.

"मग ही रोज काढावी लागणार तुम्हाला. हातमोजा फाटेल, जनावराला लागेल. पण बाईंनी तर मापापेक्षा एक नंबर लहान करायला सांगितली होती. म्हणाल्या, काढघाल व्हायला नको."

"का?" भाचीने विचारलं.

"अगं, काढून ठेवली की हरवते," विहीणबाई म्हणाल्या. मग त्यांनाच स्वतःच्या हुशारीचं कौतुक आवरेना. "आणि खरं सांगू का? एकदा बोटात हे बसलं की गोठ्यात कोण हात घालतंय! वाद नाही, भांडण नाही. आपोआप सुटेल ते सगळं."

भाची त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"आई म्हणाली, हळूहळू सवय होईल तुला," तो म्हणाला. एवढा धडधाकट पुरुष, आणि स्वतःचं म्हणून एक वाक्य नाही! मला किळस आली त्याची.

भाचीने अंगठी ओढली. निघेना. सराफाने साबणाचं पाणी आणलं. सांध्यावरची कातडी सोलली, रक्त आलं, बोट सुजून लाल झालं, अंगठी हलली नाही.

"कापा," ती म्हणाली.

"वेड लागलंय का!" विहीणबाई किंचाळल्या. "काका, हात लावाल तर बघा!"

"बोट माझं आहे. कापा, काका."

सराफाने एकदा बाईंकडे आणि एकदा त्या बोटाकडे पाहिलं, आणि सोनं कापायचं छोटं चाक काढलं. अंगठीचं वळं तुटलं. त्याने चिमट्याने ते फाकवून अंगठी सोडवली आणि मखमलीवर ठेवली. मी पर्समधला रुमाल काढून भाचीच्या बोटाला गुंडाळला. तो लगेच लाल झाला.

जावई उठले. मला वाटलं, आता तरी हा तिचा हात हातात घेईल. त्याने अंगठी उचलली, सराफाचं भिंग डोळ्याला लावलं आणि खडा उजेडात धरून फिरवून फिरवून बघू लागला.

"आई, खड्याला काही झालेलं दिसत नाही," तो म्हणाला.

हिऱ्याला काय होणार होतं, डोंबल!

भाची त्याच्याकडे बघत उभी राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण तिचा आवाज अगदी साधा होता.

"मला हे लग्न करायचं नाही," ती म्हणाली.

"एक मिनिट हं," भिंग डोळ्यावरून न काढताच तो म्हणाला, "एवढं बघू दे."

आम्ही थांबलो नाही.